चायनीजच्या गाड्यांची अतरंगी नावं (मराठवाडा स्पेशल)

गोदाकाठचा:
मंडळी, आमचे मेव्हणे परभणीत चायनीजचा गाडा टाकायलेत. गाडा तयार आहे, दोन कढया, ब्लोअरची शेगडी, सॉसच्या बाटल्या आल्या, कारागीरसुद्धा ठरला. घोडं अडलंय नावावर. सासूबाई म्हणतात 'आई तुळजाभवानी चायनीज'. मेव्हण्यांना 'ड्रॅगन' पाहिजे. आणि त्यांचं कॉलेजातलं पोरगं म्हणतंय, नावात 'वॉक' शब्द आला नाही तर मी गाड्यावर उभा राहणार नाही. (नाही राहिला तर बरंच, असं मेव्हण्यांचं खासगी मत.)

या भानगडीत संभाजीनगर-नांदेड रस्त्यानं जाता-येता मी बोर्डच वाचत सुटलोय. त्यातून एक सिद्धांत हाती लागला: नाव जितकं चिनी, चव तितकी गुळमट. पॅगोडा, बांबू, शांघाय असं काही दिसलं की आत एसी असतो, मेन्यूकार्डाला जाड पुठ्ठा असतो आणि मंच्युरियनमध्ये साखर असते. उलट जय भवानी, साईकृपा, गजानन, जय मल्हार असा बोर्ड असला की पहिल्या घासाला नाकातून पाणी.

तर तुमच्या गावातली, वाचून गाडीचा ब्रेक दाबावा लागला अशी नावं इथं टाका. मालकाची टिंगल नको, नावाची चालेल. मेव्हण्यांसाठी काही सुचलं तर तेही सांगा. अमावस्येच्या आत ठरवायचंय.

जर्मनीवाला:
गाडा परभणीत आणि नावाची चिंता करायलेत? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपल्याला पाळण्यातच ऐकवतात. सरळ 'जर्मनी चायनीज' ठेवा. गिऱ्हाईक "कामून?" विचारंल, तुम्ही गोष्ट सांगा, तेवढ्यात राईस होतो.

गंजगोलाई:
सिद्धांत मान्य, पण त्यात एक पोटकलम टाका. आपल्याकडं चायनीजच्या बोर्डावरून गाव ओळखता येतं. डोळे बांधून माणसाला सोडा, पट्टी काढा, बोर्ड वाचू द्या. सिद्धेश्वर चायनीज म्हणजे लातूर, योगेश्वरी म्हणजे अंबाजोगाई, वैद्यनाथ म्हणजे परळी, नागनाथ म्हणजे औंढा, रेणुका म्हणजे माहूरचा रस्ता. बारातली तीन ज्योतिर्लिंगं एकट्या मराठवाड्यात, त्यामुळं नावांना तोटा नाही.

अडचण एकच. वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' आणि त्याच्या बरोबर खाली तारेला लटकलेले लालभडक चिकन लॉलीपॉप. काही मालकांना याची मनातून टोचणी असते. मग ते देवाचं नाव डाव्या कोपऱ्यात बारीक करतात, किंवा दोन गाडे लावतात, देवाच्या नावाचा व्हेज आणि स्वतःच्या आडनावाचा नॉनव्हेज. कढया वेगळ्या, उलथणी वेगळी, गल्ला एकच.

बीडची_मावशी:
आमच्याकडं नातीगोतीच जास्त. मामा, दादा, भाऊ, अण्णा, नाना, बापू, आप्पा, या सगळ्यांची चायनीज आहेत. त्यातही मामा सगळ्यात पुढं, कारण मामाकडं हट्ट चालतो. "मामा, ग्रेव्ही वाढवा ना" हे जसं तोंडातून निघतं तसं "ड्रॅगन, ग्रेव्ही वाढवा" निघत नाही. काकू आणि मावशी मात्र बोर्डावर दिसत नाहीत बरं का. कोबी चिरायला, पीठ कालवायला मागं आम्ही, बोर्डावर मामा!

दुसरं म्हणजे वाटण्या. एका गावात (नाव सांगत नाही) दोन भावांचा एक गाडा होता. भांडणं झाली. आता शेजारी शेजारी दोन गाडे आहेत, एकावर 'न्यू' आणि दुसऱ्यावर 'ओरिजिनल', पुढचं नाव तेच. दोघांनीही खाली लिहिलंय, 'आमची कोठेही शाखा नाही'. दोघांच्या मधल्या बाकड्यावर त्यांची आई बसते आणि दोन्हीकडचं सुटं सांभाळते.

देगलूर_नाका:
नांदेडात आमच्या साईडला बिस्मिल्ला चायनीज, माशाअल्ला चायनीज, ताज चायनीज, सगळं मिळतं मियाँ. बोर्ड तीन लिप्यांत, उर्दू, मराठी, इंग्रजी. मजा म्हणजे तिन्हींत स्पेलिंग वेगळं. इंग्रजीत शेवटचा ई गायब, मराठीत कुठं चायनिझ, कुठं चायनिज, कुठं च्यायनीज. तो शेवटचा वाचला की मराठी माणसाला शिवी दिल्यासारखं वाटतं. पण हॉटेल फुल्ल असतं, कुणाचं काही बिघडलं नाही.

फ्लेक्सवाला:
बरेच दिवस नुसता वाचायचो, आज राहवलं नाही. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गाव सांगत नाही, गिऱ्हाईक इथं वाचत असंल.

तुम्ही ज्या ड्रॅगनवर बोलायलेत, तो ड्रॅगन एकच आहे. कोरलड्रॉची फाईल आहे एक. लाल-पिवळा, तोंड डावीकडं, शेपटीला आगीचे फुगे. मला ती उस्तादांनी पेनड्राईव्हवर दिली, त्यांना कुणी दिली ते त्यांनाही आठवत नाही. जालना, हिंगोली, उमरगा, कुठंही जा, तोच भाऊ भेटतो. कुठं उजवीकडं तोंड दिसलं तर समजायचं, मिरर मारलाय.

गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "अक्षर चायनीजवाणी पाहिजे." इंग्रजीत तसले फॉन्ट ढिगानं मिळतात, ब्रशचे फटकारे मारल्यावाणी. देवनागरीत कुठून आणू? मग आम्ही हातानं करतो. आधी शिरोरेखा उडवायची. 'च'चं पोट टोकदार करायचं, कान्याला खालून तलवारीचं टोक काढायचं, वेलांटी वाऱ्यानं उडाल्यावाणी मागं न्यायची. झालं चायनीज. पण शिरोरेखा गेली की 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. 'जय भवानी'ची रेघ काढा, 'जय मवानी' वाचतात लोक. 'धनश्री'ची 'घनश्री' होते. म्हणून माझ्या दुकानाचा नियम आहे, देवाच्या आणि माणसाच्या नावाची रेघ ठेवायची, फक्त 'चायनीज'ची उडवायची. नीट बघा आता कुठल्याही बोर्डाकडं, वरची ओळ सोवळ्यात असती आणि खालची केस मोकळे सोडून.

फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर. नाव लांब ठेवलं तरी पैसे तेवढेच, अक्षर मात्र बारीक होतं. 'श्री स्वामी समर्थ कृपा चायनीज अँड तंदूर फास्ट फूड सेंटर' असं लिहून आणतात आणि म्हणतात लांबून दिसलं पाहिजे. रात्री गाडीवरून जाणाऱ्याला एकच शब्द दिसतो. म्हणून 'चायनीज' लाल, पांढऱ्या कडेचं, आणि बाकी सगळं पिवळं.

आणि पोरांची नावं विसरले तुम्ही सगळे. आर्यन, ओम, साई, राजवीर, स्वराज. वर पोराचा गोल फोटो. पोरगं दोन वर्षांचं असतंय, गॉगल लावलेलं, आणि त्याच्याखाली 'प्रोप्रा.' म्हणून त्याचंच नाव.

गोदाकाठचा:
फ्लेक्सवाले दादा, साष्टांग नमस्कार. ती 'मवानी' वाचून बायको अजून हसायलीय. तुमचा भाव खासगीत कळवा.

सिडको_एन_सेव्हन:
मला 'कॉर्नर', 'पॉईंट', 'सेंटर', 'एक्स्प्रेस' या शेपट्यांचं कौतुक वाटतं. कॉर्नर कधीच कोपऱ्यावर नसतो. एक्स्प्रेसवाला सगळ्यात उशिरा देतो. आणि 'फॅमिली' लिहिलेल्या ठिकाणी आत पडदे लावलेले असतात.

शिक्षित लोकांची नावंही वाढलीत. इंजिनिअर, ग्रॅज्युएट, एम.ए. बी.एड. अशी. डी.एड. झालेल्या एका पोरानं तर "टीईटी पास चायनीज ठेवतो" म्हणून माझ्यासमोर सांगितलं होतं. वडील म्हणाले, बोर्डावर दुखणं मांडू नको, लोक जेवायला येतात. शेवटी 'साई' ठेवलं.

ठेचाभाकर:
मंच्युरियन हे चीनमधल्या मंचुरियाचं, नूडल्स हाक्का लोकांचे, शेजवान तिथल्या सिचुआन प्रांताचं. म्हणजे नावात चीन असणंच बरोबर ना? उगाच देवांना कशाला त्या भट्टीजवळ उभं करायचं.

मोंढ्यातला:
ठेचाभाकर भाऊ, मंचुरियात मंच्युरियन शोधायला जाऊ नका, उपाशी याल. ते मुंबईचं आहे. नेल्सन वाँग म्हणून कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी, १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात होते. गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं. त्यांनी आलं-लसूण-हिरवी मिरची परतली, गरम मसाला बाजूला ठेवला आणि सोया सॉस ओतून कॉर्नफ्लोअरनं घट्ट केलं. पुढं १९८३ साली त्यांनी 'चायना गार्डन' काढलं. कोबीचं मंच्युरियन ही त्याची शाकाहारी लेक. सिचुआनचं म्हणाल तर तिकडच्या तिखटाचा जीव ज्या मिऱ्यात असतो तो आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद. जीभ बधिर करतो. आपल्या शेजवानात ते औषधालाही नसतं, लाल मिरची आणि लसूण, बस्स. हाक्का तेवढं खरं. कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचे कारखाने चालवणारी हाक्का मंडळी होती, आपल्या देशी चायनीजचं मूळ तिकडं.

मशिनरीच्या कामानं मी ग्वांगझौच्या कँटन फेअरला जातो, म्हणून तिकडच्या नावांचं सांगतो. तिथली हॉटेलंही आपल्याच वळणाची. सोनं, भरभराट, नशीब, ड्रॅगन, बाग, माडी, नाहीतर मालकाचं आडनाव. म्हणजे आपलं 'लक्ष्मी', 'समृद्धी' तेच त्यांचं.

पण एक नाव लक्षात राहिलं. थिएनचिन शहरात वाफवलेल्या बाओझींचं, म्हणजे सारण भरलेल्या गोळ्यांचं, जुनं हॉटेल आहे, १८५८ पासूनचं. नाव 'गौबुली'. अर्थ विचारला तर दुभाष्या लाजला. शब्दशः 'कुत्रं विचारत नाही'! गोष्ट अशी सांगतात की मालकाच्या आईबापाला उशिरा मूल झालं. ते जगावं, दृष्ट लागू नये म्हणून घरात त्याला 'कुत्र्या' म्हणायचे. पुढं त्याच्या बाओझींना एवढी गर्दी व्हायला लागली की त्याला मान वर करायला फुरसत मिळेना. लोक चिडून म्हणायचे, कुत्र्या विकतो पण विचारत नाही. तेच नाव चिकटलं. २००८ च्या ऑलिम्पिकच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी त्यांनी इंग्रजीत 'गो बिलीव्ह' असं सोज्वळ नाव घेतलं. माझं म्हणणं, बिघडवलं.

बीडची_मावशी:
अगं बाई! हे तर आपलंच. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव उकिरडा. आधीची दोन लेकरं गेली म्हणून तिसऱ्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि तेच नाव ठेवलं. दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी सगळे त्याच भीतीतले. यमानं यादी वाचली तरी वाटावं, जाऊ दे, हे कोण घेऊन जाईल. चीनमधल्या आईनंही तेच केलं म्हणायचं.

जर्मनीवाला:
मग ठरलं. 'कुत्रं विचारत नाही चायनीज, परभणी'. पहिल्या दिवशी रांग लागंल, नुसती बोर्डासोबत सेल्फी काढायला.

गोदाकाठचा:
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्या जर्मनीवाल्याला घरी बोलवा जेवायला. स्वर बरा वाटला नाही.

अटलांटाकर_मूळ_वसमत:
मेव्हण्यांच्या मुलाची बाजू कुणीच घेईना म्हणून मी घेतो. 'वॉक' म्हणजे ती खोलगट चिनी कढई, आणि त्यावर शब्दांच्या कोट्या करायचा छंद इकडं अमेरिकेत भयंकर आहे. वॉशिंग्टनच्या चायनाटाऊनमध्ये 'वॉक अँड रोल' आहे. गंमत त्या नावात नाही, इमारतीत आहे. ते मेरी सरॅट नावाच्या बाईचं खानावळवजा घर होतं. अब्राहम लिंकन यांच्या खुनाचा कट करणारे तिथं जमायचे. १८६५ साली तिला फाशी झाली. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं फासावर दिलेली ती पहिली बाई. बाहेर भिंतीवर तशी पाटी आहे, आत नूडल्स.

दुसरं, 'पी. एफ. चँग्ज' ही मोठी साखळी. आम्ही समजायचो कुणी चँगसाहेब असतील. पी. एफ. ही पॉल फ्लेमिंग या अमेरिकी हॉटेलवाल्याची आद्याक्षरं आणि चँग हे त्यांचे भागीदार फिलिप चियांग यांचं आडनाव, बोलायला सोपं करून घेतलेलं. १९९३ साली ॲरिझोनात सुरू झालं. बीडच्या मावशींनी सांगितलेले दोन भाऊ असे एका बोर्डावर आले असते तर आईला बाकड्यावर बसावं लागलं नसतं.

सिडको_एन_सेव्हन:
मराठीत 'वॉक' लिहिलं की घोळ होतो पण. आमच्या कॉलनीतले काका रोज रात्री घरी सांगून निघतात, डॉक्टरांनी वॉक सांगितलाय. हाफ ट्रिपल राईस खाऊन येतात. त्यांच्यासाठी तरी ठेवाच.

वेरूळची_वाट:
थोडा इतिहास ओतू का? कुणी चिडू नका.

मराठवाड्यातला सगळ्यात जुना 'चिनी' बोर्ड गाड्यावर नाही, देवगिरीवर आहे. दौलताबाद किल्ल्यातला चिनी महाल. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशा होत्या, म्हणून ते नाव. थोडे तुकडे अजून दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह, त्याला औरंगजेबानं १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतल्यावर इथंच आणून कोंडलं आणि तो परत बाहेर पडला नाही. म्हणजे 'चिनी महाल' हे हॉटेलाला फर्मास नाव आहे, पण आत गेलेलं गिऱ्हाईक बाहेर येत नाही असा पूर्वानुभव.

आणि खराखुरा चिनी पाहुणा पाहिजे असेल तर ह्युएन त्संग घ्या. सातव्या शतकात, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. इथल्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. दारात दोन बाजूंना दगडी हत्ती असलेल्या डोंगरातल्या विहाराचं वर्णनही केलंय. तो अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांजवळ ते हत्ती आजही आहेत. 'ह्युएन त्संग चायनीज' ठेवलं तर मराठवाड्यात यापेक्षा पुराव्यानिशी नाव दुसरं मिळणार नाही. फक्त माणूस बौद्ध भिक्खू होता, त्यामुळं बोर्डाखाली लॉलीपॉप टांगू नका.

फ्लेक्सवाला:
सर, 'ह्युएन त्संग' मी टाईप करून बघितलं. माझ्या जुन्या फॉन्टात 'ह्यु' फुटतोय. आणि गिऱ्हाईक फोनवर काय सांगणार, कुठं बसलोय म्हणून?

जर्मनीवाला:
"हुंगत संग बसलोय" म्हणणार.

उदगिरी_माणूस:
कुणी सीमाभागाकडं बघंना म्हणून सांगतो. आमच्याकडं एकच कढई, पण गाव बदललं की नाव बदलतंय. उदगीरमध्ये बोर्ड 'चायनीज'. पुढं बिदरकडं उतरा, तोच गाडा, तोच कोबी, पण बोर्डावर 'गोबी' किंवा 'गोबी सेंटर'. चीनचं नावच नाही. धर्माबाद-बिलोलीकडून तेलंगणात शिरा, तिथं त्याच नूडल्स-राईसला 'फास्ट फूड' म्हणतात. माझा एक मित्र तिकडं लग्नाला गेला, 'चायनीज कुठंय' म्हणून विचारत फिरला आणि फास्ट फूडच्या तीन गाड्यांसमोरून उपाशी परत आला.

कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबीत कृत्रिम रंग टाकायला बंदी घातली. तेव्हापासून तिकडं कोबी तांबूस, इकडं लालजर्द. रंगावरून कुठल्या राज्यात आहोत ते कळतंय. मेव्हण्यांना सांगा, रंग टाकू नका. 'बिनरंगाचं चायनीज' हेच नाव ठेवलं तरी लेकरांच्या आया धावत येतील.

ठेचाभाकर:
हे पटलं. पण एक मुद्दा राहतोच. २०२० मध्ये गलवान झालं तेव्हा चायनीज खाणं सोडा म्हणत होते ना? रामदास आठवले यांनीही तसं आवाहन केलं होतं. आणि आपण इथं नावं ठरवत बसलोय.

गंजगोलाई:
आठवतंय की. पण तेव्हा लॉकडाऊनमुळं गाडे तसेही बंदच होते, बहिष्कार कुणावर टाकणार. नंतर उघडले तेव्हा एक-दोघांनी 'इंडियन चायनीज' करून तिरंग्याची पट्टी लावली. कोबी औसा तालुक्यातला, मिरची बाजार समितीतली, कारागीर नेपाळचा, मालक चाकूरचा. बंदी घालून चीनचं काय जाणार होतं, एक ड्रॅगन? तोही फ्लेक्सवाल्यांच्या पेनड्राईव्हमधला.

सोनपेठची_सरिता:
कारागिराचा विषय निघालाच तर बोलते. आमच्या घरासमोरच्या गाड्यावर नेपाळचा एक मुलगा आहे. लोक त्याला 'ए चायनीज', 'ए चिंकी' म्हणून हाक मारतात आणि हसतात. त्याला मी एकदा विचारलं, गावाकडं हे खाता का? म्हणाला, दीदी, मंच्युरियन मी पहिल्यांदा मनमाडला बघितलं. इथं येऊन शिकला तो, जय मल्हारच्या बोर्डाखाली, एका मराठी उस्तादाकडून. आता त्याचा हात बघायला लोक थांबतात. कढई एका हातानं उचलून उडवतो, राईस वर जातो, आगीतून फिरून परत खाली, एक शीत बाहेर पडत नाही. डाव्या हाताच्या मनगटावर भाजल्याच्या खुणांची रांग आहे. नावांची गंमत करू या, पण त्याला नावानं हाक मारा.

वेरूळची_वाट:
सरिताताई, शंभर टक्के.

ठेचाभाकर:
मान्य ताई.

विठ्ठलवाडी:
किल्ल्यांची आणि महापुरुषांची नावं या गाड्यांना द्यावीत का यावर कुणी बोलणार आहे की नाही? आमच्या चौकात

संपादक:
इथंच थांबवतो. या विषयावर आधीचे दोन धागे बंद करावे लागलेत. माहिती म्हणून एवढंच: २०२२ च्या निर्णयानुसार मद्य मिळतं अशा ठिकाणांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत, आणि पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी हे लहान दुकानांनाही लागू झालं. बाकी धागा छान चाललाय, चालू द्या.

खापरपोळी:
मराठी पाटीवरून आठवलं. चीनमधल्या एका हॉटेलच्या बोर्डाचा फोटो जगभर फिरला होता. वर चिनी अक्षरात साधं 'भोजनालय' असं काहीतरी होतं. खाली इंग्रजी नाव पाहिजे म्हणून मालकानं संगणकाला भाषांतर विचारलं. संगणकानं 'ट्रान्सलेट सर्व्हर एरर' असं उत्तर दिलं. त्यानं तेच मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं! फ्लेक्सवाले दादा, तुमच्याकडं असलं काही येतं का?

फ्लेक्सवाला:
येतं की. व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतात, तसाच्या तसा छापा म्हणतात. एकाच्या मजकुरात शेवटी "बाकी उद्या बोलू" असं होतं. मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, अरे ते तुला होतं! सगळे फोन करत नाहीत ना. एका गावात बोर्डाच्या तळाला "फोटो नंतर पाठवतो" हे अजून आहे, लाल अक्षरात, छान डिझाईन केलेलं.

गोदाकाठचा:
मंडळी, नाव ठरलं.

काल सगळे जेवायला बसले होते. मी या धाग्यातली सगळी नावं वाचून दाखवली. सासूबाई देवीवर अडून, मेव्हणे ड्रॅगनवर, पोरगं वॉकवर. कुणी हटंना. शेवटी गाड्यासाठी पैसे कुणी घातले यावर गाडी आली. त्यात निम्मे माझे आहेत, हे मी इथं लिहिलं नव्हतं. सासूबाईंनी भाकरी थापता थापता निकाल दिला: "मग दाजी ठेवा." तर 'दाजी चायनीज'. वर कोपऱ्यात 'आई तुळजाभवानी प्रसन्न', शिरोरेखेसकट. ड्रॅगन राहणार, मिरर मारून. पोराला कढईचं चित्र दिलंय, त्यात त्यानं समाधान मानावं.

जर्मनीवाला:
दाजी, एक फुल राईस पाठवा, पैसे बहिणीकडून घ्या.

बीडची_मावशी:
अभिनंदन हो दाजी! पण विचार केलात का? आता अख्खं परभणी तुम्हाला दाजी म्हणणार. आणि दाजीकडं उधारी मागायला मेव्हण्याला लाज वाटत नसते.

गोदाकाठचा:
तो धोका आत्ताच दिसायला लागलाय. कारागीरही 'दाजी, ॲडव्हान्स' म्हणाला.

उदगिरी_माणूस:
रंगाचं तेवढं बघा. आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा तो चौदा आकडी नंबर बोर्डावर टाकायला विसरू नका, नाहीतर तपासणीला आलेल्यालाही दाजी म्हणावं लागंल.

फ्लेक्सवाला:
दाजी, डिझाईन खासगीत पाठवलंय, बघा. 'द'ची रेघ ठेवलीय. मेन्यूचा तक्ता राहिलाय, काही शब्द कसे लिहायचे तेवढं सांगा. मंच्युरियन, मंचुरियन का मंचुरी?

वेरूळची_वाट:
मंच्युरियन. शुद्धलेखनाची लाज राखा.

देगलूर_नाका:
मंचुरी लिहा. जीभ मधेच अडत नाही.

गोदाकाठचा:
मंचुरी. अक्षरं कमी, मोठी येतील.

फ्लेक्सवाला:
बरं. शेजवान का सेजवान?

सिडको_एन_सेव्हन:
शेजवान. सेजवान वाचलं की सेझमध्ये जमीन गेल्यासारखं वाटतं.

फ्लेक्सवाला:
शेजवान फायनल. शेवटचं, रेटच्या वरच्या ओळीत 'हाफ' लिहू का 'हाप'?

गंजगोलाई:
हाप. 'हाफ' लिहिलं की गिऱ्हाईक आधी रेट वाचतं.